शेरा

बुधवार. जुन्या बाजारात ऊन अजून तिरकं.
अशरफ अत्तारच्या ताडपत्रीवर
नळाच्या तोट्या, एका दांडीचे चष्मे, मुका रेडिओ,
आणि तंबाखूच्या डबीत, चिल्लरीच्या तळाशी, ते.
"राणीचा रुपया नाय मॅडम. बाई हाय, पण राणी नाय."

एकतीस वर्षं कॅश काउंटरवर बसलेला हात माझा,
त्याला काटा लागत नाही.
सव्वादोन तोळे, हात म्हणाला.
मोकळ्या केसांत फीत बांधलेली बाई,
गालाचा उंचवटा अंगठ्यांनी खाल्लेला,
सात तारे पाठीमागे, सहा समोर,
खाली सतराशे अठ्ठ्याण्णव.

"खोटं असणार," मी म्हणाले.
"असंल. चाळीस हजार."
खोट्याचे चाळीस हजार सांगणारा माणूस
एक तर भोळा, नाही तर पुण्यात मुरलेला.
सव्वीस हजारांवर तुटलं.
निम्मे तिथेच दिले, निम्मे एटीएमच्या रांगेत उभं राहून.

रविवार पेठेत फुटरमलजींच्या पेढीवर
नातवानं इलेक्ट्रिक काट्यावर ठेवलं: सव्वीस पूर्णांक चार.
म्हाताऱ्याला आकडा पटेना.
त्यांनी ते फरशीवर वीतभर उंचीवरून सोडलं
आणि डोळे मिटले.
आवाज लांबत गेला, रस्त्यावरच्या हातगाडीपर्यंत.
"चांदी आहे," ते म्हणाले. "बाकीचं तुम्ही बघा."

बाकीचं मी भिंगातून बघितलं.
कडेवर अर्धी पुसलेली अक्षरं: शंभर सेंट, एक डॉलर.
गरुडाच्या छातीवर आडव्या रेघा.
त्या ओरखड्यांना मी घाबरले नाही;
टाकसाळीत चकती जड भरली
म्हणून ठशाच्या आधीच कुणी कानस लावली होती.
जन्माआधीचं व्यंग दर्जात धरत नाहीत म्हणे.
माणसांच्या बाबतीत धरतात.

आणि मानेपाशी, तिळाएवढा,
एक टोचा. फूल म्हणा, श्री म्हणा.
फुटरमलजी भिंग परत देईनात.
"कुणा सराफानं पारखून मारलाय.
आमच्यातलाच कुणी तरी."

ज्या साली हे तिकडे पाडलं
त्या साली इथे, याच पेठांत,
सावकारांना तापल्या तोफेला बांधून
पुरलेला पैसा काढत होते.
हे कधी आलं, कुठल्या गलबतातून,
कुणाच्या चुलीखाली झोपलं, मला ठाऊक नाही.
ज्यानं टोचा मारला, त्याचा हात
थरथरत होता का, तेही नाही.

घरी भाची चिंच घेऊन घासायला बसली होती.
मी ओरडले.
तिच्यावर मी आजवर कधी ओरडले नव्हते.

मग अमेरिकेला पाठवलं. विमा, कुरियर, सतरा सह्या.
चार महिन्यांनी परत आलं,
प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद,
वर चिठ्ठी:
अस्सल. झीज मध्यम.
दर्जाचा आकडा देता येत नाही.
कारण, परकी खूण.

परकी!
मी दोनदा वाचलं आणि चहा टाकला.
चहा उतू गेला.

मीही आयुष्यभर हेच केलं की.
ही चालेल, ही बाद, ही मळकी,
हिचा कोपरा गेला, ही तेलकट, बाजूला.
आणि प्रत्येक शंभराच्या गड्डीवर,
वरच्या नोटेच्या पांढऱ्या खिडकीत,
जिथे लिहायचं नाही असं परिपत्रक होतं,
तिथे शिसपेन्सिलीनं बारीक आकडा आणि माझी रेघ.
साहेब रागवायचे. मी लिहायची.
त्याशिवाय मोजल्यासारखं वाटायचं नाही.

त्यातली एखादी अजून फिरत असेल,
मंडईत, एखाद्या ब्लाउजात, पेट्रोलपंपावर,
माझी रेघ अंगावर घेऊन, दर्जा बिघडलेली.

डबी उजेडात धरली तर तो तीळ चमकतो.
हानी नव्हे ती. शेरा आहे.
कुणा अनोळखी माणसाचा, घाईतला, दुकान बंद करतानाचा:
बघितलं.
चालेल.